पळपुट्याचा मागचा पाय

त्या पोराला भर माईकवर पळपुटा म्हणण्यात मयुरीचं काय जाणार होतं? काहीच नाही. आणि मिळणार काय होतं? गर्दीचा हशा, तो तर लगेच. त्यामागून शिट्ट्या. शिट्ट्यांमागून गुलाबरावांची डोलणारी मान, आणि ती मान नीट डोलली तर अकोल्याचा माईक. अकोल्याच्या मागे वाशीम, अमरावती… म्हणजे अख्खा मोसम. चिखलीतले कबड्डीचे सामने, शाळांची स्नेहसंमेलनं आणि रिक्षाच्या भोंग्यावरच्या जाहिराती यांवर गळा झिजवणाऱ्या मुलीला याहून सोपा सौदा कोणी देऊ केला नव्हता. एक शब्द टाकायचा, एक मोसम उचलायचा.

हिशेब चोख होता. फक्त तो पोरगा एक दिवस समोर येऊन उभा राहील, आणि जवळून असा दिसेल, हे तिनं कुठेच धरलं नव्हतं.

झालं होतं असं. गुलाबराव हे जत्रेत कुस्त्या भरवणारे जुने माणूस. मध्यंतरी त्यांच्या लक्षात आलं की पोरं मातीतल्या कुस्तीपेक्षा मोबाइलवरची मारामारी जास्त बघतात. गुद्दे, लाथा, कुस्तीचे डाव, सगळं एकाच लढतीत, चहूबाजूंनी जाळी लावून. त्यांनी तशी लोखंडी जाळी बनवून घेतली, ट्रॉलीत टाकली आणि गावोगाव एमएमए सुरू केलं. गावांनी त्याला एमएमए म्हटलं नाही. ‘जाळीतली कुस्ती’ म्हटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण इकडच्या माणसाला कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती. एकाची पाठ मातीला लागली पाहिजे, टोप्या उडाल्या पाहिजेत. पंच कागदावर गुण मांडतात आणि त्यावरून कोणी जिंकतो, हे त्याच्या पचनी पडत नाही. गुणांवर जिंकलेला म्हणजे न जिंकलेलाच.

आणि उंद्रीचा प्रसेनजित नेमका गुणांवर जिंकायचा. पिंपळगाव राजा या गावी तर त्यानं कहर केला. समोरचा गडी पहिल्यापासून शेवटपर्यंत हवेला मारत राहिला. हा मागे सरकायचा, बाजूला व्हायचा, मधूनच एखादा ठोसा अलगद ठेवून यायचा आणि पुन्हा जागेवर नसायचा. गर्दी जांभया देऊ लागली. गुलाबरावांनी मयुरीला खूण केली… काहीतरी कर. मयुरी कुस्त्यांच्या फडातच वाढलेली, बापाच्या खांद्यावर बसून पाठी मातीला लागताना पाहिलेली. तिलाही मनापासून चीड आली होती, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. ती बोलून गेली, “मंडळी, याले लढाले बोलावलं होतं का पळाले? हा प्रसेनजित, का पळपुटा प्रसेनजित?”

मैदान हसलं. नाव चिकटलं. उंद्रीच्या शाळकरी पोरांपासून व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ते उचललं, आणि गुलाबरावांनी लगेच पुढची लढत जाहीर केली. चिखलीच्या मैदानात, सुलतानपूरचा ‘तोफ’ जाकीर विरुद्ध पळपुटा प्रसेनजित.

त्या लढतीचा फ्लेक्स संघर्ष नावाच्या पोराच्या छपाईच्या दुकानात तयार होत होता. आपला फोटो पुरेसा मोठा आलाय ना, एवढं पाहायला मयुरी तिथे गेली. स्क्रीनसमोर कोणीतरी वाकून उभा होता.

“ह्या फोटोत मी उलटा आहो,” तो संघर्षला म्हणत होता.

“उलटा नाही बे, वळवला. जाकीरभाई इकडून पाहून राह्यला, तं तू तिकडून पाह्यला पाह्यजे ना? नाही तं दोघंही मेहकरची बस पाहून राह्यल्यासारखे दिसता.”

“पण मंग मी डावखुरा झालो ना. माहा डावा पाय पुढं असते. इथं उजवा आला.”

“मंग करू सरळ?”

तो थोडा विचारात पडला. मग स्वतःशीच हसला. “नको. राहू दे.”

मागे उभ्या मयुरीला राहवलं नाही. “काऊन राहू दे?”

तो वळला. जाळीत उतरणाऱ्यांचे चेहरे तिनं पुष्कळ पाहिले होते. कोणाचा कान फुलकोबीसारखा, कोणाची भुवई शिवलेली, कोणाचं नाक घरचा पत्ता विसरलेलं. हा चेहरा मात्र लग्नाच्या बायोडाट्यात लावायला काढल्यासारखा. एक ओरखडा नाही. आणि डोळे असे निवांत, की समोरच्यालाच आपण काहीतरी विसरलो असं वाटावं.

“जाकीरले माहीत आहे मी कोणता ते,” तो म्हणाला. “आमी एकाच शेडमधी सराव करतो. पण पुढं अकोल्यात वगैरे जे भेटतीन, त्याईले कायले फुकट सांगू?” मग थांबला. “हे तुमाले नव्हतं सांगाले पाह्यजे.”

“काऊन?”

“तुमच्याजवळ माईक आहे.”

म्हणजे ओळखलं होतं. मयुरी काही बोलणार, तेवढ्यात रस्त्यावरून भोंग्याची रिक्षा गेली आणि तिचाच आवाज दुकानात शिरला… पळपुटा पळणार, का तोफेसमोर उभा राहणार? या, या, चिखलीच्या मैदानात… रिक्षा सिग्नल नसलेल्या चौकात उगाच रेंगाळली. जाहिरात पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. संघर्षला कीबोर्डमधली धूळ एकाएकी फार महत्त्वाची वाटू लागली.

“आवाज चांगला आहे,” प्रसेनजित म्हणाला.

“राग नाही आला?”

“कशाचा?”

“नाव ठेवलं त्याचा.”

“कोनं नाव ठेवलं तं मी आधी त्या माणसाले पाह्यतो. मंग ठरवतो, राग धरायचा का नाही.”

“मंग? पाह्यलं?”

“पाहून राह्यलो.”

मयुरीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भर मैदानात बोलताना हे कधी होत नसे. तिनं हनुवटी वर केली. “पळपुटा नाही तं काय म्हणू मंग? दुसरा शब्द सांगा, तोच म्हणते.”

“शब्द मले नाही येत. शेडवर या एखाद्या दिवशी. माह्या गालाले नुसता हात लावून दाखवा. लागला, तं मीच माईकवर सांगतो का मी पळपुटा.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. तो दुकानाची पायरी उतरला तो जरा जास्तच घाईनं.

“पळाला बे,” संघर्ष म्हणाला.

ती जाणार नव्हती. पहिले दोन दिवस तर अजिबातच नव्हती. पण मयुरीचा एक दोष होता. समोर गाठ दिसली की ती सोडवून पाहिल्याशिवाय तिला भात गोड लागत नसे. मार खायला लोक भितात म्हणून पळतात, हे तिला कळत होतं. पण हा भीत नव्हता. मग पळत का होता?

शेड म्हणजे सोयाबीनचं रिकामं गोदाम. हंगाम संपला की मालक ते पोरांना देत असे. खाली रबरी चटया, वर पत्रे, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या, आणि सगळीकडे बारदानाचा वास. तिथे आधी भेटला तो जाकीर. दार भरून उरेल असा, आणि मनापासून हसणारा. दिवसा लोकांच्या घरी टाइल्स बसवायचा, संध्याकाळी इथे घाम गाळायचा.

“या या मयुरीताई! याचं नाव तुमीच ठेवलं ना? माहं पण एखादं चांगलं ठेवा. तोफ लय जुनं झालं.”

“तुमी दोघं मित्र, अन् एकमेकाले मारणार?”

“डबा एक आहे आमचा. मी मटण आणतो, हा वांगे आणते, अन् मटण हाच खाते. पण गुलाबरावनं जोडी लावली तं लावली. जाळीत गेलो का मंग तो तो, मी मी.”

“अन् तुमी असा मार काऊन खाता? मी पाह्यते ना. हात खाली सोडून देता.”

“लोक तेच पाह्याले येतात, ताई. म्या दिला तं खूश. म्या खाल्ला तं अजून खूश.” त्यानं उजव्या कानाला बोट लावलं. “या कानात एक रातकिडा बसला आहे. गेल्या दिवाळीपासून. बिनपगारी गाते बिचारा.”

मयुरी हसली. मग तिला कळलं की हसायचं नव्हतं. जाकीर मात्र अजून हसतच होता.

प्रसेनजित चटईवर उभा राहिला, हात मागे बांधून. “या.”

तिनं ओढणी कमरेला खोचली. पहिला हात सरळ टाकला; गाल तिथे नव्हता. दुसरा जरा फसवून टाकला. गाल तिथेही नव्हता. ती धावून गेली, तो दारासारखा बाजूला झाला आणि ती थेट वाळूच्या पिशवीला मिठी मारून थांबली. जाकीर जमिनीवर लोळत होता.

“कसं कळते तुमाले?” ती धापा टाकत म्हणाली.

“तुमी हात उचलायच्या आधी तुमची टाच उचलते. हात लबाड असतात. पाय नाही.” त्याचा श्वासही वाढला नव्हता. “एक विचारू? तुमी माईकवर बोलता तवा काय पाह्यता?”

“पब्लिक. कोण उठलं, कोण बसलं, कोण मोबाइल काढून राह्यलं…”

“मंग कुस्ती कोण पाह्यते?”

इतकी वर्षं तिनं लढती सांगितल्या होत्या, पाहिली होती ती गर्दीच. लढत ही तिच्या पाठीमागे कुठेतरी चाललेली असे.

ती रोज जाऊ लागली. पाय पाहायला, असं तिनं घरी नाही पण स्वतःला सांगितलं. आणि खरंच पाय दिसू लागले. जाकीर पुढे यायचा तो मनातलं सगळं बोलत यायचा… खांदा आधी, मग कंबर, मग ठोसा. प्रसेनजित ऐकत असायचा. त्याचा मागचा पाय जमिनीला विचारून विचारून सरकायचा. तो मागे जायचा तेव्हा पळत नसायचा; जाकीरला कुठेतरी नेत असायचा, आणि जाकीरला वाटायचं आपणच निघालो आहोत. एकदा हे दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही. मयुरीला तर आता बस स्टँडवर भांडणारी माणसंसुद्धा पायांवरून कळू लागली होती.

“तुमाले भेव वाटत नाही?” तिनं एकदा विचारलं.

“वाटते ना. पण मजा पण वाटते. माणूस माराले येते तवा तो पुरा दिसते, मयुरी. कशाले घाबरते, कशावर चिडते, घरी कोनावर ओरडते… सगळं. मी मार खाल्ला तं मले ते दिसणार नाही. अंधारी येईन डोळ्यावर.” तो जरा लाजला. “मले पाह्याले आवडते. दुसरं काही नाही.”

पौषात एका संध्याकाळी अवकाळी सर आली. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जाकीर सुलतानपूरला गेला होता. दोघं दारात उभी राहून बाहेरच्या चिखलात उड्या मारणारे थेंब बघत होती. काही बोलायचं म्हणजे कानाशी यावं लागत होतं, म्हणून दोघंही बोलत नव्हती. मग मयुरीनं सहजच, टाच बिच न लपवता, हात उचलला आणि त्याच्या गालाला लावला.

तो हलला नाही.

“लागला,” ती म्हणाली. पावसात ते ऐकू गेलं नसावं. तिनं ओरडून सांगितलं, “लागला! आता माईकवर सांगा!”

“तुमची टाच दिसली होती,” तोही ओरडला.

“मंग सरकले काऊन नाही?”

पाऊस होता, त्यामुळे त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. त्याचा मागचा पाय मात्र अर्धं पाऊल सरकला, हे तिनं पाहिलं.

लढतीच्या आदल्या दिवशी गुलाबरावांनी तिला मैदानावर बोलावलं. जाळी उभी राहत होती. ते खुर्चीत बसून शेंगा फोडत होते.

“हे पाहा पोरी, मले उद्या जाळीत नाच नाही पाह्यजे. अकोल्याचे लोक पाह्याले येऊन राह्यले. त्या पोट्ट्याले एका जागी उभं कर.”

“मी कशी उभं करू? मी बाहेर असते.”

“तुह्या जिभीनं. पब्लिकले असं पेटव, असं पेटव, का त्याले लाज वाटून तो भिडला पाह्यजे. भिडला, तं तुहं अकोला पक्कं, त्याचं पण. नाही भिडला, तं दोघंही आपापल्या घरी. मी वाईट माणूस नाही हो. मी दुकान चालवतो.”

त्यात खोटं काही नव्हतं. गुलाबराव खोटं कधीच बोलत नसत. त्यांना गरजच पडत नसे.

मयुरीनं शेडवर येऊन जसंच्या तसं सांगितलं. प्रसेनजित हाताच्या पट्ट्या गुंडाळत होता.

“तुमी तुमचं काम करा,” तो म्हणाला. “मी माहं करतो.”

“बस? एवढंच?”

“अजून काय?”

“रागवा ना माह्यावर! म्हणा का नको बोलू माह्याविरुद्ध. म्हणा का तू माही कोणीतरी लागतेस.” तिचा आवाज शेडच्या पत्र्यांना लागून परत आला. “तुमाले मी आवडते का नाही? मी तं सरळ सांगते, मले तुमी आवडता. आता बोला.”

तो मागे सरकला. अंगानं नाही, डोळ्यांनी.

“सरकले!” ती म्हणाली. “पाह्यलं मी. इथं पण सरकता तुमी.”

“मयुरी… सकाळी रिक्षातून तुमचाच आवाज येते, का या, पळपुट्याले पाहा. संध्याकाळी हाच आवाज म्हणते, मले आवडता. दोन्हीकडं इतकाच गोड. मले खरंच समजत नाही, खरं कोणतं बोलून राह्यल्या, अन् माईकवरचं कोणतं.”

मयुरीनं आयुष्यात पुष्कळांना निरुत्तर केलं होतं. त्यातल्या कोणाला कसं वाटलं असेल, हे तिला पहिल्यांदाच कळलं. ती ओढणी सावरत निघाली. तो दारापर्यंत आला, पण हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान फुललं. थंडीतलं मऊ ऊन, पॉपकॉर्नचा वास, झाडांवर चढलेली पोरं. पहिल्या रांगेत कचरू पैलवान, एके काळी जिल्हा गाजवलेला म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून. जाळीत जाकीर हात वर करून फिरला तशी गर्दी उसळली. प्रसेनजित आला आणि एकच आरोळी उठली, “पळपुटा! पळपुटा!”

मयुरीच्या हातात माईक होता. समोर हजारो तोंडं उघडून तयार. एक ठिणगी पुरे. टेबलापाशी, आवाजाच्या मशीनजवळ बसलेल्या गुलाबरावांनी मान डोलावली… टाक.

तिनं गर्दीकडे पाठ फिरवली. पहिल्यांदाच. आणि पाय पाहू लागली.

“मंडळी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, कारण त्यात काहीच विकायला नव्हतं. “जाकीरभाईचा उजवा खांदा पाहा. आता मारणार… गेला हवेत. प्रसेनजितचा मागचा पाय पाहा. तो पळून नाही राह्यला. तो जाकीरभाईले कुठंतरी घेऊन चालला. कुठं घेऊन चालला, सांगा बरं?”

कोणी हसलं. कोणी ओरडलं. पण पहिल्या रांगेत कचरू पैलवानाची हनुवटी काठीवरून उठली.

“अरे कोपऱ्यात!” म्हातारा ओरडला. “पोट्टं त्याले कोपऱ्यात घेऊन चाललं ना बा!”

आणि खरंच जाकीरची पाठ कोपऱ्याच्या खांबाला लागली, तो चमकला, आणि प्रसेनजितचा अलगद ठोसा त्याच्या छातीवर बसला. आता लोक माना पुढे काढून बघू लागले. आरोळ्या थांबल्या. ‘आता डावीकडं जाईन’, ‘नाही रे, उजवीकडं,’ अशी कुजबूज रांगांतून फिरू लागली. एवढं मोठं मैदान कुतूहलानं गप्प झालं, हे दृश्य चिखलीनं पूर्वी पाहिलं नव्हतं.

गुलाबरावांना मात्र ते पाहवलं नाही. गप्प मैदानाचा व्हिडिओ कोण बघणार? दुसऱ्या राउंडच्या मध्यावर त्यांनी हात लांब करून माईकचं बटण बंद केलं.

मयुरीचा आवाज वाक्याच्या मधोमध तुटला.

आणि जाळीत, ज्याचे डोळे समोरच्या माणसावरून कधी हलत नसत, त्या प्रसेनजितनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तेवढंच. जाकीरचा उजवा त्याच्या भुवईवर फुटला. तो पाठीवर पडला. मैदान असं गरजलं की झाडावरची पोरं खाली येता येता वाचली. प्रसेनजित उठला तेव्हा डावा डोळा रक्तानं बुजला होता, आणि आता सगळे जागा सोडून उभे होते… “मार! भीड! भीड!”

मयुरीनं मेलेला माईक टेबलावर ठेवला. निवेदकानं कोणाची बाजू घ्यायची नसते. हा नियम तिला बोलायला येण्याच्या आधीपासून पाठ होता. ती धावत जाळीपाशी गेली, तारांत बोटं अडकवली आणि नुसत्या गळ्यानं ओरडली.

“डावीकडून येऊन राह्यला! तुह्या डावीकडून! मागचा पाय काढ… काढ! आता खाली वाक! तुले दिसत नाही ना, मले दिसते, मी सांगते!”

गर्दी ‘भीड’ म्हणत होती. प्रसेनजित भिडला नाही. रक्तानं अर्धं जग मिटलेलं असताना तो त्या फाटत चाललेल्या आवाजावर पाय टाकत राहिला. एकदा तो वाकला आणि जाकीरची मूठ त्याच्या डोक्याच्या कवटीवर आदळली. जाकीरचं तोंड वेडंवाकडं झालं, पण तोही तसाच पुढे येत राहिला, कारण लोक उभे होते. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून फक्त श्वास घेत होते.

पंचांनी निकाल दिला. प्रसेनजित पडला होता, तेवढ्या फरकानं जाकीर विजयी. गुणांवर.

“गुणावर? हे कसलं जिंकणं बा!” कचरू पैलवान काठी आपटत म्हणाला, पण त्याचं ऐकायला आता कोणी रिकामं नव्हतं. मैदान नाचत होतं.

दवाखान्यात डॉक्टर टाके घालत होते आणि बाहेरच्या बाकावर मयुरी पाण्याच्या बाटलीनं घसा शांत करत होती. गुलाबराव आले ते मोबाइल पुढे धरूनच. व्हिडिओत ती जाळीला लटकून ओरडत होती, आणि खाली लोकांनी बदाम टाकले होते. खूप बदाम.

“म्या माईक बंद केला, त्याचा राग नको ठेवू पोरी. काय सीन झाला! अकोलावाले म्हणतात ही जोडीच पाठवा. तो लढन, तू अशी रडत ओरडशीन. फक्त त्यानं एकदा असा खाल्ला पाह्यजे. दर वेळी एक.”

आतून प्रसेनजित आला, भुवईवर पांढरी पट्टी. त्यानं ते शेवटचं ऐकलं होतं.

“ते चुकून लागलं, काका.”

“मंग पुन्हा चूक ना बाबा! चुकाले काय लागते?”

“माईक बंद पडाले लागते,” प्रसेनजित म्हणाला. “अन् तो हिच्या हातातला पाह्यजे.”

गुलाबरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. माल चांगला आहे पण विकाऊ नाही, हे त्यांना कोणाहीपेक्षा लवकर कळत असे. “तू बोल,” ते मयुरीला म्हणाले. “तुह्या तं धंद्याचा सवाल आहे. मोसम आहे पुरा.”

अकोल्याचं मैदान तिला दिसत होतं, दिवे लागलेलं. “मी जाकीरभाईविरुद्ध ओरडली,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “माईक घेणाऱ्यानं असं नाही करावं. तुमी काढलं नाही तरी मीच सोडून देते. अन् रडून दाखवणं… मले तसं रोज नाही येत, काका.”

गुलाबराव गेले. राग न धरता गेले. पुढच्या गावाला जाळी पोचवायची होती.

बाकावर दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली. भिंतीवर बाळाच्या लसींचा तक्ता. तो तक्ता दोघांनीही लक्ष देऊन वाचला.

“जिंकून राह्यले होते तुमी,” ती शेवटी म्हणाली.

“हाव.”

“काऊन पाह्यलं माह्याकडं?”

“आवाज थांबला. मले वाटलं…” तो अडखळला. “काही वाटलं नाही. वाटायच्या आधीच मान फिरली.”

“मंग आता तरी समजलं का तुमाले? कोणतं खरं, कोणतं माईकवरचं?”

“माईक तं बंदच होता, मयुरी.” तो बाटली उचलून पलीकडे ठेवत म्हणाला, आणि मधल्या रिकाम्या जागेत सरकला. पुढे. “अन् तू मले तू म्हणत होतीस. आता पुन्हा तुमी काऊन?”

ती हसायला गेली तर घशातून नुसतीच हवा आली. त्यालाच फार हसू आलं, आणि हसल्यावर टाके दुखले, आणि तिनं त्याच्या कपाळाशी हात नेला, आणि पुढचं नर्सबाईंनी दाराचा पडदा ओढून घेतल्यामुळे कोणाला दिसलं नाही.

जाकीरच्या हाताचं हाड मोडलं होतं, हे संध्याकाळी एक्स-रेवरून कळलं. प्लास्टर बसलं, आणि काम अंगावर घेतलेलं मेहकर रोडवरचं एक नवं घर तसंच अर्धवट राहिलं. घरमालकाची वास्तुशांती तोंडावर.

त्यामुळे सध्या दर सुट्टीच्या दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात तुम्हाला हे दृश्य दिसेल. प्रसेनजित गुडघ्यांवर बसून टाइल टेकवतो आहे. मयुरी पांढरं सिमेंट कालवते आहे, त्यातलं बरंचसं तिच्या कपाळावर आहे. आणि दारात खुर्ची टाकून, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, जाकीर दोघांवर ओरडतो आहे.

“सरळ बे, सरळ! ते काय जाळी आहे का, इकडून तिकडं सरकाले? ताई, तुमी त्याच्या तोंडाकडं नका पाहू, फरशीकडं पाहा!”

“जाकीरभाई, जिंकले तुमी अन् मजुरी आमाले?”

“जिंकलो ना!” तो हसतो, आणि डावा कान पुढे करतो, कारण उजव्यातून आता फारसं काही येत नाही.

तर एकूण जमाखर्च हा असा. गुलाबरावांचं मैदान भरलं, त्यांना काही भरावं लागलं नाही. गर्दीनं तिकिटापलीकडे काहीच दिलं नाही, आणि ती घरी गेली. मयुरीचा मोसम गेला, प्रसेनजितची लढत गेली आणि भुवईवर एक आडवी रेघ आली. या दोघांना निदान बदल्यात एकमेकांची सोबत मिळाली. सगळ्यात जास्त भरलं ते जिंकलेल्यानं. त्याचा हात महिनाभरानं बरा होईल, कान होणार नाही. हे तिघांनाही माहीत आहे, म्हणून दोघं पुढची टाइल लावायला घेतात.